आठ बाय चारचा पत्रा

नवं खातं निघालं म्हणे मुंबईत,
त्याचा मंत्री येत्या मंगळवारी आपल्या घाटावर.
ग्रामसेवकानं चिठ्ठी आणून दिली, टाइप केलेली :
सीमा सुरक्षा व संघटित गुन्हेगारी प्रतिबंध मंत्री.
मी चिठ्ठी पाहिली, मग पत्रा.
पद लांब, पत्रा आखूड.

पत्रा जुनाच. घासला तेव्हा
खालून जलसंधारण निघालं,
त्याच्या खालून साक्षरता,
अगदी तळाशी, गंजाला चिकटून, नुसतं 'मा. ना.'
तेवढं मी ठेवलं. ते सगळ्यांना चालते.

खडूची दोरी मारली, अक्षरं मोजली.
'गुन्हेगारी' संपता संपता उरली एक वीत.
त्यात 'प्रतिबंध' बसेल
नाहीतर 'मंत्री'.
फोन लावला. ग्रामसेवक म्हणाला,
मंत्री पाह्यजेच ना बापा, कार्यक्रम कोणाचा आहे?

लिहिलं तसंच.
रस्त्यापलीकडे जाऊन बिडी पेटवली,
लांबून वाचलं दोनदा.
खटकायला पाहिजे होतं.

खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून भाऊंचं नाव, फोटोसकट.
त्यासाठी मला चिठ्ठी लागत नाही.
रेतीघाटाचा फलक माझ्या हातचा,
पोलीस चौकीवरचं 'आपल्या सेवेसाठी' माझ्या हातचं,
नावांवरचे आकडेसुद्धा,
ज्या नावांतून मिरगाच्या आधी
कांद्याच्या पोत्यांखाली चोर बीटी येते.
आणि भाऊंचे टिप्पर.
टिप्पर अकरा, पासिंग सहाचं.
इंग्रजी तीनचा आठ करायला
डावीकडून दोन वळणं लागतात.
वळणाचे शंभर,
रात्रीचे दीडशे.

सीमा कुठं आहे हे इथं नदी सांगते,
मे महिन्यात तीही सांगत नाही,
घोट्याएवढं पाणी, म्हशी या राज्यात चरतात
आणि त्या राज्यात बसतात.
बहीण पलीकडे दिलेली, आता शिव्या तेलुगूत देते.
बायको मिरची तोडायला जाते महिनाभर,
मजुरीत मिरचीच आणते.
नाक्यावर होमगार्ड चहांदे पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो,
डोळे चोळतो,
आणि शिंकत शिंकत बांबू वर करतो.
माझ्या माहितीत, या नाक्यावर
झडती झालेला माल तो एवढाच.

मंगळवारी धूळ आली, मग गाड्या.
मंत्री उतरले, भाऊंनी हार घातला,
नदीकडे हात करून साहेब बोलले काहीतरी,
वारा होता, माइक खरखरत होता.
फलकाकडे कोणी पाहिलं नाही.
फक्त मोतीराम सिडामची पोट्टी, तिसरीतली,
जिला बाईंनी सांगितलंय की दिसेल ते मोठ्यानं वाचायचं,
बोट लावून वाचू लागली :
सं-घ-टि-त... गु-न्हे-गा-री... मं-त्री.

माइक नेमका तेव्हाच खरखरायचा थांबला.
ठाणेदार बुटाकडे पाहू लागले.
भाऊंचा हात हारातच राहिला.
चहांदे शिंकला, पण ते मिरचीचं नव्हतं.
साहेबांनी पोट्टीच्या गालाला हात लावला,
शाब्बास, म्हणाले, छान वाचतेस.
टाळ्या झाल्या.
मीसुद्धा वाजवल्या.

त्या रात्री जेवण गेलं नाही.
शिडी घेतली, उरलेला लाल रंग घेतला,
गुरुजी शाळेत शिकवायचे तसं काकपद घातलं
'मंत्री'च्या आधी, आणि वर, मुंगीच्या अक्षरात :
प्रतिबंध.
बॅटरी लावल्याशिवाय दिसत नाही.
पण आहे.

उतरत होतो तेवढ्यात खालून टिप्पर गेला,
दिवे बंद, पाणी ठिबकत,
शिडीला घासून.
मागचा आठ माझाच.
संध्याकाळी भाऊंचा माणूस येऊन गेला होता.
अजून ओला होता.